सुलट-उलट येतं, मग केबलचा थ्रो जमेल का? टाके किती घालायचे?

तुम्ही लिहिलंय की सुलट-उलट टाके येतात, मफलर-टोप्या विणून झाल्यात, आता सोफ्यावर टाकायला केबलचा जाडजूड थ्रो विणायचाय. पण केबल कधी केली नाही, आणि टाके किती घालावेत ते कळत नाही.

जमेल. केबल म्हणजे विणीवर उठून दिसणारा दोरखंडासारखा पीळ. हा नवा टाका नाहीच. तेच सुलट टाके, फक्त रांग मोडून विणायचे. सहा टाक्यांचा पीळ घ्या. पहिले तीन टाके न विणता जादा सुईवर उतरवा आणि ती सुई कापडाच्या पुढे लोंबू द्या. पुढचे तीन सुलट विणा, मग लोंबणारे तीन सुलट विणा. झाला पीळ. जादा सुई पुढे ठेवली की पीळ डावीकडे झुकतो, मागे ठेवली की उजवीकडे. परतीच्या ओळीत काही विशेष नसतं, टाका जसा दिसेल तसा विणत यायचं. केबलची सुई हाताशी नसली तर जाड लोकरीला पेन्सिलसुद्धा चालते. पहिल्या चार-पाच पिळांना टाके घट्ट होतात, बोटं अवघडतात, मग हात बसतो.

माणूस फसतो ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी. मीही तिथेच फसले. जाड लोकर, ८ मिमीची सुई, साध्या सुलट विणीत १० सेंमीला ११ टाके बसत होते. १२० सेंमी रुंदी हवी म्हणून मी सरळ १३२ टाके घातले आणि केबल सुरू केली. पाऊण हात विणल्यावर टेप लावली तर रुंदी ९४! पीळ पडला की टाके एकमेकांवर चढतात आणि कापड आडवं आक्रसतं. माझ्या केबलच्या विणीत १० सेंमीला ११ नाही, १४ टाके बसत होते. सगळं उसवलं. तेव्हा आलेला राग अजून आठवतो.

म्हणून आधी नमुना विणा, आणि तोही केबलचाच. माझी मांडणी साधी आहे: ४ उलट, ६ सुलट, पुन्हा ४ उलट, ६ सुलट, आणि दर आठव्या ओळीला सहांचा पीळ. नमुन्यासाठी ३४ टाके घाला, म्हणजे तीन पीळ आणि दोन्ही कडांना ४-४ उलट. साधारण चौकोन झाला की टाके बंद करा, धुवा, सपाट वाळवा, आणि मगच मोजा. सुईवर असताना मोजलेला नमुना खोटं बोलतो.

हाच नमुना लोकरीचाही हिशेब देतो, फक्त स्वयंपाकघरातला वजनकाटा हवा. माझा नमुना २४ बाय २४ सेंमी आणि ४३ ग्रॅम भरला. थ्रो हवा होता १२० बाय १५०. म्हणजे नमुन्याच्या सव्वाएकतीस पट, साधारण १३४५ ग्रॅम. वर थोडी धरून मी दीड किलो घेतली. साध्या विणीपेक्षा केबलला लोकर बरीच जास्त लागते, त्यामुळे साध्या ब्लँकेटच्या अंदाजाने आणाल तर शेवटच्या हातभर विणीला कमी पडेल. आणि एकाच वेळी, एकाच रंगाच्या घाण्यातली घ्या. नंतर आणलेला गुंडा दुकानात तसाच दिसतो, सोफ्यावर पसरल्यावर पट्टा उठून दिसतो.

आता टाके. माझ्या मापाला १७४ लागले: दोन्ही कडांना ५-५ टाके कायम सुलट, मध्ये (४ उलट, ६ सुलट) सोळा वेळा आणि शेवटी ४ उलट. पण सुरुवातीलाच १७४ घालू नका! खालच्या काठाच्या आठ-दहा ओळी सगळ्या सुलट असतात, त्यांत पीळ नसतो, म्हणून तो भाग आक्रसत नाही आणि वर केबल सुरू झाली की खालचा काठ झालरीसारखा फुलतो. धुऊन, ताणूनही तो बसत नाही. उपाय सोपा आहे. १४२ टाके घाला, काठ विणा, आणि काठाच्या शेवटच्या ओळीत जिथे जिथे पीळ येणार आहे तिथल्या चार टाक्यांचे सहा करा. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून तो पिळून विणला की टाका वाढतो, भोकही पडत नाही. सोळा पीळ, प्रत्येकी दोन, म्हणजे ३२ वाढले आणि १७४ झाले. वरचा काठ सुरू करताना प्रत्येक पिळावर दोनदा दोन-दोन टाके एकत्र विणून पुन्हा १४२ वर या. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत हीच.

एवढे टाके सरळ सुईवर मावत नाहीत, आणि मावले तरी सगळं वजन मनगटावर येतं. लांब तारेची गोल सुई घ्या, १०० सेंमी किंवा जास्त. गोल विणायचं नाही, सरळ सुईसारखंच जा-ये करायची. वजन मांडीवर राहतं.

लोकर गुळगुळीत, तीन-चार पदरी गोल पिळाची आणि फिकट रंगाची असू द्या. पीळ दिसतो तो सावलीमुळे, काळ्या किंवा केसाळ लोकरीत सगळी मेहनत बुडते. सुती धागा मला या कामाला आवडत नाही. त्याला लवचीकपणा नाही, पीळ घालताना बोटं दुखतात आणि एवढं मोठं कापड स्वतःच्या वजनाने लोंबतं.

चुका होणारच. अशा थ्रोत साडेचारशेच्या आसपास पीळ येतात, त्यात एखादा उलट्या दिशेने पडतोच. माझा एक चांगला दोन वीत वर गेल्यावर दिसला. तेव्हा सगळ्या ओळी उसवू नका. त्या पिळाचे फक्त सहा टाके सुईवरून सोडा आणि चुकलेल्या ओळीपर्यंत खाली उसवा. आडव्या धाग्यांची शिडी दिसेल, बघून पोटात गोळा येतो, पण शेजारचे उलट टाके जागचे हलत नाहीत. तीन-तीन टाके नीट दिशेने अदलाबदल करून घ्या, मग छोट्या सुयांवर शिडीची एकेक पायरी घेत तेवढे सहाच टाके वर विणत या, वाटेत बाकीचे पीळही घालत. मला त्या एका पिळाला पाऊण तास लागला. सगळं उसवलं असतं तर आठवडा गेला असता.

कितवी ओळ चाललीय हे विसरलात तर कागद शोधू नका, कापड वाचा. पीळ पडतो तिथे दोन पेडांमध्ये छोटी फट असते. त्यात मागून बोट घाला आणि बोटापासून सुईपर्यंतचे आडवे धागे मोजा. पीळ घालायच्या वेळी किती दिसतात ते नमुन्यावर एकदा पाहून ठेवा, पुढे तोच आकडा कायम.

नवा गुंडा जोडायचा तो पिळाच्या शेजारच्या उलट टाक्यांत. टोकं पिळाच्या मागे ओवली की सापडत नाहीत.

शेवटी धुणं. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि मापात पसरून वाळू द्या. दोरीवर टाकलीत तर थ्रोची साडी होईल. ॲक्रिलिक असेल तर इस्त्री किंवा वाफ जवळही आणू नका. गरम झालं की ते मऊ पडून चपटं होतं आणि पीळ पुन्हा कधीच उभे राहत नाहीत.