जर्मनीत विद्यार्थी म्हणून राहताना रोजच्या आयुष्यातून तुम्ही काय शिकलात?

येत्या ऑक्टोबरमध्ये आपण पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जाणार आहात. अर्ज आणि व्हिसा यांविषयी भरपूर वाचून झाले, पण तिथले रोजचे दिवस कसे जातात हे कोणी सांगत नाही, असे आपण प्रश्नात म्हटले आहे. मी सॅक्सनी राज्यातल्या एका शहरात जलव्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्या अनुभवातून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तिथे कोणी मागे लागत नाही, कोणी आठवण करून देत नाही आणि विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगतही नाही. नेमके विचारले तर मात्र समोरचा माणूस वेळ काढून, बारीकसारीक तपशिलांसह समजावून सांगतो. हा अबोलपणा म्हणजे तुटकपणा नव्हे, हे कळायला मला एक अख्खे सत्र लागले.

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते आणि परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत येतात. एका विषयाच्या प्रत्येक व्याख्यानाला मी हजर होते, गृहपाठही वेळेवर दिले होते. मात्र परीक्षेसाठी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते, याकडे माझे लक्षच गेले नाही. आपल्याकडे परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला तर सूचनाफलक, वर्गमित्र किंवा कार्यालयातले लिपिक यांपैकी कोणीतरी हाक मारतेच, आणि त्याच सवयीने मी निर्धास्त राहिले. परीक्षेच्या सकाळी पर्यवेक्षकांनी यादी माझ्याकडे वळवून दाखवली. तीत माझे नाव नव्हते, आणि त्यावर कोणालाच काही करता येत नव्हते. आपण मात्र हे हलके घेऊ नये, कारण बहुतेक अभ्यासक्रमांत एका परीक्षेच्या संधी मोजक्या, बहुधा तीनच असतात. शेवटचीही हुकली तर तो अभ्यासक्रम सुटतो आणि देशातल्या दुसऱ्या विद्यापीठात त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणेही दुरापास्त होते. तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव मागे घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, तिची तारीखही पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावी.

त्याच सत्रात दुसऱ्या एका विषयात मला ३.७ श्रेणी मिळाली. तिथे १.० सर्वोत्तम, ४.० ला उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण, त्यामुळे मी जेमतेम तरले होते. निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका प्रत्यक्ष पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क असतो आणि त्यासाठी एक दिवस ठरवून दिलेला असतो. त्याला ‘आइनझिष्ट’ म्हणतात. मी गेले ती मनात विनवणीची वाक्ये जुळवून. खोलीत लांबलचक टेबले मांडलेली होती, पिशव्या आणि फोन दाराशी ठेवायचे होते आणि प्रत्येकाच्या समोर त्याची उत्तरपत्रिका होती. प्राध्यापकांचे सहायक माझ्या शेजारी येऊन बसले, माझ्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेवर त्यांनी पेन्सिलीचे टोक ठेवले आणि विचारले, “या ओळीवरून त्या ओळीवर आपण कशा आलात?” मधले एककांचे रूपांतर मी मनातच केले होते, कागदावर उतरवलेच नव्हते. ते मी बोलून दाखवले, त्यांनी ते पडताळून पाहिले आणि त्या पायरीचा गुण दिला. पुढच्या एका प्रश्नात “पद्धत तर बरोबर होती” असे मी म्हणताच त्यांनी तितक्याच सौम्यपणे नकार दिला आणि पद्धत कुठे चुकली ते पाच मिनिटे समजावले. श्रेणी काही बदलली नाही. तरीही त्या खोलीतून बाहेर पडताना मला प्रथमच वाटले की इथे आपल्याला गांभीर्याने घेतले जाते. त्यानंतर प्राध्यापकांच्या ‘श्प्रेखश्टुंडे’ला, म्हणजे भेटीसाठी राखून ठेवलेल्या तासाला, मी प्रश्न कागदावर लिहून घेऊन जाऊ लागले.

घरातही हेच घडले. आम्ही चौघे एका सदनिकेत राहत होतो आणि स्वयंपाकघराच्या दारावर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असे. जानेवारीत माझ्या खोलीच्या काचांवर आतून पाणी साचू लागले आणि खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली. थंडी आत येऊ नये म्हणून मी खिडकी नुसती वरून तिरकी उघडत असे, तीही दिवसभर. शेवटी सोबतच्या मुलीला विचारले, तेव्हा तिने खिडकीची मूठ आडवी फिरवून तावदान सताड उघडले, खोलीतला हीटर बंद केला आणि घड्याळाकडे बोट दाखवले. पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. दमट हवा निघून जाते, पण भिंती थंड पडत नाहीत. एवढी साधी गोष्ट. मी महिनाभर आधी विचारली असती तर बुरशी आलीच नसती.

पैशांविषयी थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती येतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, परंतु पहिल्या सत्रात ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते, रविवारी जवळपास सगळी दुकाने बंद असतात, आणि अशा दिवसांत एकटेपणा फार जाणवतो. त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसावे. तिथे कोणी ना कोणी भेटतेच.

आपल्या हाती अजून वेळ आहे, म्हणून एक काम इथूनच करावे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे सहीचे पुष्टिपत्र लागते. करक्रमांक आणि निवासी परवाना या दोन्हींची वाट त्या नोंदणीवरूनच जाते. मोठ्या शहरांत तिच्यासाठी भेटीची वेळ मिळायलाही दिवस लागतात. घर ठरवतानाच “हे पत्र कोणत्या तारखेला मिळेल?” असे मालकांना लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.