चार्जर लावलेला, बॅटरी तशीच

पाऊस सुरू झाला की किनारपट्टीवरच्या पत्रांत लॅपटॉपच्या चार्जिंगची तक्रार हमखास येते आणि बहुतेक पत्रं एकाच प्रश्नावर थांबतात : नवी बॅटरी घेऊ का? आमचं म्हणणं असं, की बॅटरीला सगळ्यात शेवटी हात घालावा. सॉकेट, अडॅप्टर, पिन, लॅपटॉपचं जॅक (पिन जिथे शिरते ते भोक), आतलं सेटिंग आणि मग बॅटरी, असा विजेचा रस्ता आहे. ती कुठे अडते ते आधी शोधायचं.

प्रश्न : आमचं घर देवगडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. डेलचा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. चार्जर लावला की चालतो, पण 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं दिसतं आणि बॅटरी ७ टक्क्यांवरून हलत नाही. सुरू करताना अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा इंग्रजी संदेश येतो. हल्ली फार संथही झालाय. दुकानदार बॅटरी बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : नका बदलू, निदान इतक्यात तरी. संदेशानेच दोष कुठे आहे ते सांगितलंय.

डेलच्या आणि एचपीच्या गोल पिनेला तीन संपर्क असतात. बाहेरचा धातूचा गोल म्हणजे ऋण, आतली भिंत म्हणजे धन आणि अगदी मधोमध सुईसारखी एक बारीक काडी. या काडीतून वीज घ्यायची नसते. तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टरला विचारतो, तू किती वॅटचा? डेलच्या अडॅप्टरमध्ये याचं उत्तर देणारी एक छोटी चिप असते. उत्तर आलं नाही, तर यंत्र सावध होतं : स्वतः चालण्यापुरती वीज घेतं, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग उतरवतं. तुमचा लॅपटॉप संथ झालाय तो यामुळेच. दोन्ही तक्रारींचं मूळ एक आहे.

आता ती काडी बघा. भिंतीतलं बटण बंद करून पिन टॉर्चखाली धरा. काडी वाकलीय का, तिच्या बुडाशी हिरवट किंवा काळपट थर बसलाय का? खाऱ्या दमट हवेत मुलामा झिजलेल्या तांब्या-पितळेवर असा थर चढतो आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. तो काढायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. रॉकेल, पेट्रोल, खोबरेल यांतलं काहीच नको. कान साफ करायची काडी या पिनेत शिरत नाही आणि जोर केला तर सुई मोडते. दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश मिळतो, तो अल्कोहोलमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवा. लॅपटॉप पूर्ण बंद करून त्याच्या जॅकमध्येही तसंच करा. मग वीसेक मिनिटं वाळू द्या.

तरीही फरक पडला नाही, तर मल्टीमीटर २०० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. काळी तार पिनेच्या बाहेरच्या गोलाला, लाल आतल्या भिंतीला. टोक मधल्या सुईला लागू देऊ नका, नाहीतर मोजता मोजता चिप जायची. १९.५ च्या आसपास आकडा यायला हवा. आकडा बघत असतानाच पिनेच्या मानेजवळची वायर हलवा. आकडा उड्या मारू लागला तर वायर आतून तुटलीय. वायर अडॅप्टरभोवती करकचून गुंडाळली की ती तिथेच तुटते. आकडा स्थिर आला म्हणून अडॅप्टर चांगलाच आहे असं मात्र नाही. भार पडल्यावर कोसळणारे अडॅप्टर असतात आणि मधल्या सुईचा दोष या मोजणीत दिसतच नाही. म्हणून ओळखीच्या कुणाचा तरी डेलचाच, तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा आणि तशाच पिनेचा मूळ अडॅप्टर तासभर मागून आणा. त्यावर चार्ज झाला तर तुमचा अडॅप्टर बदला. संदेश तसाच राहिला तर जॅक बदला. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत जॅक वायरसह सुटा येतो, मदरबोर्डाला, म्हणजे मुख्य सर्किटला, सोल्डरिंग करावं लागत नाही. तेही करून झालं आणि संदेश गेला नाही, तर मग मदरबोर्ड.

नवा अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण, 'आयएस १३२५२' आणि 'आर' पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक बघून घ्या. स्वस्त नकली अडॅप्टरमध्ये व्होल्ट बरोबर असतात, पण ओळख सांगणारी चिप नसते किंवा लवकर जाते. म्हणजे पुन्हा हाच संदेश.

एक वेगळं लक्षण याच जोडीने सांगतो, कारण त्यात लोक हटकून चुकीची वस्तू विकत घेतात. अडॅप्टरचा दिवा भिंतीत लावल्यावर पेटतो आणि पिन लॅपटॉपला लावताच विझतो. पिन काढून, अडॅप्टर भिंतीतून सोडवून अर्ध्या मिनिटाने परत लावला की पुन्हा पेटतो. अशा वेळी अडॅप्टर बहुधा ठीक असतो, लॅपटॉपच्या बाजूला शॉर्ट असतं : जॅकमध्ये किंवा बोर्डावर. पुन्हा पुन्हा लावून बघत बसू नका. कारागिराला हे लक्षण याच शब्दांत सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचेल.

प्रश्न : तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. बुकिंगसाठी घेतलेला लेनोवोचा लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. ६० टक्क्यांच्या पुढे जातच नाही. नवाच आहे.

उत्तर : बिघाड नाही. लेनोवो व्हँटेज या प्रोग्राममध्ये 'कॉन्झर्वेशन मोड' चालू आहे. तो जुन्या मॉडेलांत ६० टक्क्यांच्या आसपास, नव्यांत ८० च्या आसपास चार्जिंग थांबवतो. असूस, एचपी, डेल, एसर यांच्याही प्रोग्रामांत किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) अशी सोय असते. दिवसभर चार्जरवर असलेल्या यंत्राला ती चालूच असू द्या, बॅटरी जास्त टिकते. गणपतीत लाईट जायची भीती वाटली तर तेवढ्यापुरती बंद करा.

प्रश्न : राजापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत काही लॅपटॉप एप्रिलपासून कपाटात होते. ऑगस्टमध्ये काढले तर दोन चार्जच होत नाहीत, शून्य टक्के दाखवतात. एक जण म्हणाला, बॅटरी उघडून बाहेरून करंट देऊन जागी करतो. करू द्यावं का?

उत्तर : अजिबात करू देऊ नका. लिथियम सेलचा व्होल्टेज फार खाली गेला, की आतल्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साठून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. बॅटरीतलं संरक्षक सर्किट चार्जिंग अडवतं ते म्हणूनच. ते चुकवून करंट देणं म्हणजे वर्गात आगीला जागा करून देणं.

बॅटरी गेली असं म्हणण्याआधी दोन गोष्टी करून बघा. चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर आधी ती काढा. थिंकपॅडच्या काही मॉडेलांना खाली टाचणीएवढं भोक असतं, त्यात कागदाच्या क्लिपचं टोक घालून आतलं बटण पाच-दहा सेकंद दाबायचं. मग मूळ अडॅप्टर लावून, लॅपटॉप बंदच ठेवून, टेबलावर डोळ्यांसमोर तीन-चार तास असू द्या. खूप उतरलेल्या बॅटरीला आधी अगदी थोडा करंट दिला जातो, त्यामुळे पहिला तासभर शून्यच दिसलं तरी घाबरू नका. रात्रभर लावून शाळेला कुलूप मात्र नको. चार तासांनीही शून्य, तर बॅटरी गेली.

बाकीच्यांची तब्येतही तपासून घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' (पी, ओ, डब्ल्यू, ई, आर, सी, एफ, जी), मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' हा एकच शब्द टाइप करून एंटर दाबा. फाइल कुठे तयार झाली तो पत्ता खाली दिसतो. ती ब्राउझरमध्ये उघडा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता, 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. पहिली ४१,००० आणि दुसरी ३०,००० असेल तर बॅटरी चालवा. दुसरी निम्म्याखाली गेली की बदलायच्या यादीत टाका.

पुढच्या सुट्टीआधी सगळे लॅपटॉप ५०-६० टक्क्यांवर आणा, स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी उघडून बघा. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर हलवा. पावसात ती भिंत ओल धरते. लॅपटॉप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवले तर उत्तम. जेलचा रंग बदलला की पुडी बदलायची.

प्रश्न : गुहागरजवळच्या आमच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज १६० पर्यंत उतरतो. चार्जिंग मध्येच थांबतं. स्टॅबिलायझर घेऊ का? इन्व्हर्टरवर लावलं तर अडॅप्टर गुणगुणतो.

उत्तर : अडॅप्टरवरची 'इनपुट' ही ओळ वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर १६० ला त्याला अडचण नाही, स्टॅबिलायझरचे पैसे वाचवा. चार्जिंग थांबतं ते बहुधा ढिल्या सॉकेटमुळे किंवा उष्णतेमुळे. भिंतीतल्या प्लगच्या पिनेवर काळा डाग किंवा वितळल्याची खूण दिसली तर वायरमनला बोलावून सॉकेट बदला. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला तर खालची हवेची वाट बंद होते. बॅटरीचं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं की बरेच लॅपटॉप चार्जिंग आपणहून थांबवतात. टेबलावर ठेवून एकदा बघा.

तुमचा इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे त्याची वीज लाईनच्या विजेसारख्या गुळगुळीत लाटेत (साइन वेव्हमध्ये) येत नाही. त्यावर अडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो. ७५ वॅटच्या वरच्यांना त्रास अधिक, कारण त्यांच्यात एक जादा सर्किट असतं आणि त्याला साइन वेव्ह लागते. लाईट आल्यावर चार्ज करा, किंवा पुढचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या.

तुमच्याकडे खरा धोका कमी व्होल्टेजचा नाहीच. वादळात झाड तारांवर पडून न्यूट्रल तुटला, की घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात आणि अडॅप्टर क्षणात जातो. मे महिन्यातल्या वळवाला आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग हाताने उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेच्या लोळापुढे त्या बटणातली दोन-तीन मिलिमीटरची फट काहीच नाही.

प्रश्न : अलिबागहून रोज बोटीने मुंबईला जातो. मोबाइलचा ६७ वॅटचा चार्जर लॅपटॉपच्या टाइप-सी भोकात लावला तर 'स्लो चार्जर' येतं आणि काम करताना बॅटरी उतरतच जाते. ६७ वॅट पुरायला हवेत ना?

उत्तर : ते ६७ वॅट त्या कंपनीच्या फोनपुरते. लॅपटॉपला 'पॉवर डिलिव्हरी' ही पद्धत कळते आणि मोबाइलचे बरेच चार्जर त्या पद्धतीत कमीच वॅट देतात. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा : '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' अशी ओळ असेल तर ६५ वॅट मिळतील. केबलही बघा; साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते. आणि टाइप-सीचं प्रत्येक भोक चार्जिंगचं नसतं. त्याच्याजवळ प्लगची किंवा बॅटरीची खूण आहे का ते पाहा, नसेल तर मॉडेलची माहिती तपासा. हा चार्जर मल्टीमीटरने मोजू नका. लॅपटॉपशी बोलणं झाल्याशिवाय तो व्होल्ट सोडत नाही आणि चांगला चार्जरही शून्य दाखवतो.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून लिहिते आहे. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, क्लिक होत नाही. झाकणही नीट मिटत नाही. चार्जिंग कधी होतं, कधी नाही.

उत्तर : हे वाचून होताच चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. बॅटरी फुगली आहे, तिने टचपॅड खालून उचललाय. वर वजन ठेवून दाबू नका, टाचणी टोचून हवा काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लॅपटॉप फरशीवर, पडदे-कागदांपासून लांब ठेवा आणि चार्ज न करता कारागिराकडे न्या. बॅटरी तिथेच काढून घ्या. नवी घेताना जुन्या बॅटरीवरच्या पार्ट नंबरचा फोटो दाखवा आणि व्होल्ट जुळवा : ११ च्या घरातली आणि १५ च्या घरातली एकमेकींच्या जागी चालत नाहीत. जुनी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्राला ती घ्यायला सांगा. तोवर ती कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण न आवळता, घराबाहेर पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवा.