फोटोवरून दगडफुलाची जात सांगता येते का?

महाबळेश्वरच्या झाडांवरच्या दगडफुलांचे (लायकेनचे, म्हणजे एकत्र वाढणाऱ्या बुरशी आणि शैवालाचे) तुम्ही मोबाइलवर फोटो काढलेत आणि बीएस्सीच्या प्रकल्पासाठी त्यांची नावं विचारलीत. फोटोवरून कधीकधी वंश (जवळच्या जातींचा गट) सांगता येतो, जात क्वचितच. प्रकल्पाचा पाया फोटोंवर ठेवू नका.

रंग फसवतो. पावसात भिजलं की वरचा बुरशीचा थर पारदर्शक होतो, खालचं शैवाल दिसू लागतं आणि मार्चमधलं राखाडी दगडफूल जुलैत हिरवं भासतं. शिवाय जुळ्यांसारख्या दिसणाऱ्या जाती आतल्या रसायनांवरून वेगळ्या ठरतात. दगडफुलांचे अभ्यासक नीलँडर यांनी १८६६ मध्ये रसायनाचा थेंब टाकून बघायची रीत आणली, ती आजही पहिली पायरी आहे.

जंगलात जाण्याआधी कराडच्या किराणा दुकानातून मसाल्याचं थोडं दगडफूल आणा. ते नेमकं कुठलं हे कळणार नाही, पण सरावाला उत्तम, कारण त्यात बहुधा एकाहून जास्त जाती मिसळलेल्या असतात. दहापट भिंगाखाली ब्लेडने वरचा थर हलकेच खरवडा आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या गाभ्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडा. पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम या जातीचा गाभा पिवळा होऊन मग गडद लाल होतो, ते सॅलॅझिनिक आम्लामुळे. पार्मोट्रेमा पर्लेटममध्ये स्टिक्टिक आम्ल असतं, त्याचा गाभा पिवळा-नारिंगी होतो. थेंब वरच्या थराला लागला तर अ‍ॅट्रॅनोरिन या तिथल्या रसायनामुळे दोन्ही जातींत पिवळंच दिसेल, म्हणून खरवडणं नीट जमलं पाहिजे. हे द्रावण कातडी जाळतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. पॅराफेनिलीनडायअमाइन या दुसऱ्या रसायनाची थेंब-चाचणी मात्र घरी करू नका, ते विषारी आहे. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखालीच.

तुमच्या तिसऱ्या फोटोत गुळगुळीत सालीवर मोडी लिपीसारख्या काळ्या रेघा आहेत, तो ग्राफिस हा दगडफुलाचा वंश किंवा त्याचा जवळचा नातलग असावा. त्याला थेंब पुरत नाही. रेघेचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू बघावे लागतात.

कास आणि महाबळेश्वरच्या वनात परवानगीशिवाय काहीही खरवडू नका. सरांकडून वनखात्याला पत्र द्या. तोवर कॉलेजच्या आवारातल्या किंवा बांधावरच्या पडलेल्या फांद्या घ्या. नमुने प्लॅस्टिकमध्ये कुजतात, कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर झाडाचं नाव, उंची, ऊन-सावली, तारीख तिथेच लिहा. अडलं तर पुण्याच्या आघारकर संस्थेत दगडफुलांचा संग्रह आहे, सरांमार्फत तिथे विचारा.