ताईची सही घेण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, 'वारसनोंदीबरोबर ताईचं हक्कसोडपत्रही उरकून टाकू का?' मला पटकन बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

वडील जाऊन महिनाही झाला नाही. या दिवसांत कुणाची सही मागू नकोस. आमचे वडील गेले त्या वर्षी मी तेच केलं. तेराव्याला बहीण घरी होती, तिला साडीचोळी केली आणि चौथ्या दिवशी निबंधक कार्यालयात नेलं. तिनं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. पुढं तिच्या घरी अडचण आली, तेव्हा ती पैसे मागायला माझ्याकडे आली नाही. दिवाळीला येते, जेवते, निघते. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागं घेता येत नाही रे, आणि बहिणीचं मनही.

तू आधी फक्त वारसनोंद कर. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे जा आणि आई, ताई, तू, धाकटा, चौघांचीही नावं दे. 'ताईचं नंतर घालू' म्हणू नकोस. सातबाऱ्यावरच्या नोंदीनं मालकी ठरत नाही. नाव राहिलं म्हणून ताईचा हक्क बुडत नाही, फक्त पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी चढावी लागते. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलल्याच्या नोंदीही काढून ठेव. आजोबांनंतर थोरल्या काकांच्या नावापुढं 'एकुमॅ' लागलं असेल, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लागलंय. ती जमीन त्यांच्या एकट्याची नाही, त्यात तुमच्या वडिलांचाही वाटा आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रानं 1994 सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर हा हक्क आला आणि लग्नाची अट गेली. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. ताईच्या लग्नात किती खर्च झाला याचा हिशेब यात कुठंच धरत नाहीत.

आईला तर सगळेच विसरतात. 1978 च्या गुरुपाद विरुद्ध हिराबाई खटल्यात दोन मुलगे आणि तीन मुली असलेल्या विधवेला खालच्या कोर्टानं फक्त चोविसावा हिस्सा दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तिचा सात चोविसांश धरला, कारण पतीच्या मृत्यूआधी वाटणी झाली असं धरलं तर तिचा स्वतःचा चौथा हिस्सा होताच, पतीच्या हिश्श्यातला चोविसावा त्यावर. तुमच्या सहा एकरांत त्याच रीतीनं मोजलं, आणि आता ताईचाही जन्मसिद्ध हिस्सा धरला, तर चौघांना दीड-दीड एकर येतं. वडिलांनी स्वतः घेतलेल्या प्लॉटचंही, मृत्युपत्र नसेल तर, चौघांत सारखंच.

खरं अवघड काम बांधावरचं. दीड एकर काळी आणि दीड एकर मुरमाड सारखी नसते. विहीर एकाच्या वाट्याला गेली तर पाण्याच्या पाळ्या वाटणीपत्रात लिही: कुणाची मोटर कोणत्या वारी, दुरुस्तीचा खर्च कसा. रस्ता किती फुटांचा, कुणाच्या हद्दीतून, तेही लिही. गाडीवाट तोंडी ठेवली की दहा वर्षांनी तिच्यावरूनच भांडण होतं. वाटे तू पाड आणि उचल सगळ्यांच्या शेवटी. चौघांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटप करता येतं, नसेल तर दिवाणी कोर्ट. शेवटी भूमी अभिलेखकडून मोजणी करून खुणा रोवून घे.

ताईला जमीन नको असेल तर तो निर्णय तिचा, आणि तोही वर्षभरानं, तिच्या नवऱ्याशी आणि मुलांशी बोलून झाल्यावर. तिला हिश्श्याची रक्कम हवी असेल तर चालू बाजारभावानं दे. हप्त्यानं चालेल, पण लिहून दे.

मोजणीची तारीख ठरली की ताईला तूच फोन कर. घ्यायला स्टॅंडवर जा. तिला आधी चिंचेखालच्या तुकड्यावर ने. लहानपणी ती तिथं भाकरी घेऊन यायची. कुठला वाटा हवा ते तिला तिथंच विचार.

तुझा,
काका