स्लाऊमध्येच आहे एक जुनं गाव: अपटन

तुमचा प्रश्न असा, की आई-बाबांना घेऊन बहिणीकडे, लंडनजवळच्या स्लाऊ शहरात उतरणार आहात, आणि विंडसरचा किल्ला पाहून झाल्यावर गाडी न करता एखादं जुनं इंग्लिश गाव बघता येईल का. येईल, आणि त्यासाठी स्लाऊची हद्द ओलांडायचीही गरज नाही. अपटनला जा.

मात्र गवताने शाकारलेली घरं आणि दारात गुलाबाचे वेल असं काही मनात असेल, तर अपटनला बघून तुम्ही हिरमुसाल. त्यासाठी सरळ कोट्सवोल्ड्सची टूर घ्या. इथे आजूबाजूला साधे रहिवासी रस्ते आहेत, आणि एम-४ मोटरवे इतका जवळ आहे की गाड्यांची घरघर पाठ सोडत नाही.

पण मूळ गाव अपटनच, स्लाऊ नव्हे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या राजा विल्यमने करून घेतलेल्या पाहणीत, अपटनची नोंद आहे. स्लाऊ म्हणजे लंडन-बाथ रस्त्यावरची, याच पॅरिशमधली (एका चर्चच्या हद्दीतली) एक वस्ती. मग रेल्वे आली. जवळच्या ईटन कॉलेज या शाळेच्या विरोधामुळे सुरुवातीला इथे स्टेशनच बांधता येईना, तरी गाड्या थांबायच्या (नियमातून पळवाट काढण्यात इंग्रजही कमी नाहीत). १८४० मध्ये स्टेशन झालं, आणि १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास इथूनच केला. १९२० पासून ट्रेडिंग इस्टेट उभी राहिली, कारखाने आले. आपल्याकडे एखाद्या वाडीने मूळ गाव गिळावं, तसं झालं.

स्टेशनवरून हाय स्ट्रीट ओलांडून हर्शेल पार्कमधून चालत जा. बाग व्हिक्टोरियन काळातली आहे, आई-बाबांना बाकावर टेकता येईल. चहा आणि टॉयलेट मात्र हाय स्ट्रीटवरच उरकून घ्या. ज्येष्ठांच्या चालीने अर्धा तास धरा.

मग सेंट लॉरेन्स चर्च. बाराव्या शतकातलं नॉर्मन बांधकाम, मधोमध बसका, दणकट मनोरा. एकोणिसाव्या शतकात याची पार दुर्दशा झाली होती. १८३७ मध्ये शहरासाठी सेंट मेरी हे नवं चर्च बांधलं गेलं आणि म्हाताऱ्याकडे कोण बघणार! १८५०-५१ मध्ये डागडुजी झाली म्हणून ते आज उभं आहे.

याच मनोऱ्याखाली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला १८२२ मध्ये पुरलं. घाई असेल तर बाकी सगळं सोडा, पण इथे थांबा. मूळचा जर्मन वादक, बाथमध्ये ऑर्गन वाजवणारा हा माणूस. घरी आरसे घासून दुर्बिणी करायचा. १७८१ मध्ये त्याला युरेनस सापडला, राजाने पेन्शन लावली, आणि विंडसरच्या जवळ राहायचं म्हणून शेवटी १७८६ मध्ये तो स्लाऊला आला. लग्नही याच चर्चमध्ये केलं, १७८८ मध्ये, मेरी पिट या विधवेशी. घराच्या अंगणात त्याने चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभारली. युरेनसचे दोन उपग्रह त्याला स्लाऊतूनच दिसले. १८०० मध्ये प्रिझममधून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे त्याने थर्मामीटर ठेवला. तिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तरी पारा चढला. अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सापडले ते असे. त्याच्या स्मृतिशिलेवर लॅटिनमध्ये लिहिलंय की याने आकाशाचे अडसर फोडले. २००१ मध्ये बसवलेली हर्शेलच्या नावाची रंगीत काचेची खिडकीही बघा.

हर्शेलची बहीण कॅरोलिन इथे पुरलेली नाही, ती जर्मनीत हॅनोव्हरला. पण आईंना तिची गोष्ट जरूर सांगा. भावाची मदतनीस म्हणून १७८७ पासून तिला राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार मिळायचा, आणि तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. पहिला इथल्याच घरून, १७८६ मध्ये. ते घर १९६० च्या दशकात पाडलं. त्याची आठवण म्हणून आता विंडसर रोडवर ऑब्झर्व्हेटरी हाऊस नावाची ऑफिसची इमारत आहे! मला विचाराल तर स्लाऊने केलेला हा सगळ्यात मोठा करंटेपणा.

चर्चजवळच अपटन कोर्ट आहे, चौदाव्या शतकातला लाकडी चौकटीचा वाडा. तो रस्त्यावरूनच बघायचा.

चर्च नेहमी उघडं असेल असं धरून चालू नका. पॅरिशला आधी ईमेल करा, किंवा रविवारी प्रार्थना संपण्याच्या सुमारास पोहोचा. चौकशी केली तर सहसा कुणीतरी आनंदाने दाखवतं. विंडसरची शटल ट्रेन स्लाऊवरून सहा-सात मिनिटांत पोहोचते, तेव्हा सकाळी अपटन आणि दुपारी किल्ला असंही जमेल. इंग्लिश कवी थॉमस ग्रेची स्मशानातली प्रसिद्ध कविता अपटनची की जवळच्या स्टोक पोजेस गावची, हा वाद इथे निघेलच. ग्रेची कबर स्टोक पोजेसला आहे आणि बहुतेक अभ्यासकही तिकडेच झुकतात, पण अपटनकरांसमोर हे बोलू नका.