मामाची सही, मावशीचं शेत

मागच्या अंकात मी इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाउ लोकांवर लिहिलं होतं. जमीन आईकडून लेकीकडे जाते, या एका गोष्टीवर बरीच पत्रं आली. त्यातली तीन इथे घेते. मी तिथे १९९५ ते २००३ राहिले. यजमान गंबीरच्या, म्हणजे पानांपासून निघणाऱ्या काथासारख्या अर्काच्या, खरेदीवर होते आणि आम्ही पायाकुम्बुह शहराच्या पुढे, गाडीने दोनेक तासांवरच्या एका गावात भाड्याने राहायचो.

माझे वडील गेल्या वर्षी गेले. साडेतीन एकर बाग आहे. दोघे भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतायत, ‘नाती टिकली पाहिजेत’ म्हणतात. तुमच्या त्या गावात शेत बायकांच्या नावावर असतं. मग तिथे भाऊ बहिणींशी बोलतात का? – एक वाचक, दिंडोरी

बोलतात, ताई. तिथे भावाला बहिणीकडे यावंच लागतं.

पण ‘नावावर’ हा शब्द आधी बाजूला ठेवू. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मिळकतीला ते ‘पुसाको तिंगी’ म्हणतात, म्हणजे थोरला वारसा. भातखाचरं, घराची जागा, जुनं मोठं घर, सगळं त्यात येतं. हे कुणा एकीच्या नावावर नसतं. एका आजीपासून निघालेल्या सगळ्या घराण्याचं ते असतं. त्यातली ठराविक खाचरं ठराविक बहिणीला कसायला आणि खायला दिलेली असतात. ती ते पीक खाते, पण विकू शकत नाही. तिचा थोरला भाऊ, ‘मामाक’, म्हणजे अक्षरशः आपला मामा, या सगळ्याचा राखणदार. त्याच्या सहीशिवाय काही हलत नाही, आणि बहिणींच्या होकाराशिवाय त्याची सही फुकट.

आमच्या घरमालकिणीला मी ‘माक तुओ’ म्हणायचे, थोरली मावशी. तिने एकदा कपाटातून गुंडाळलेला मोठा कागद काढला आणि चटईवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. ती ‘रान्जी’, घराण्याची वंशावळ. सर्वांत वर एका बाईचं नाव, तिच्याखाली मुलं आणि मुली दोन्ही. मुलींच्या नावाखालून रेघा खाली जात होत्या. मुलांच्या नावापाशी रेघ संपत होती, कारण त्यांची लेकरं त्यांच्या बायकोच्या घराण्याची. मी त्या कागदाकडे बघत राहिले. आमच्या वाळव्याच्या घरी काकांनी काढलेली वंशावळ आहे. तिच्यात माझ्या नावापाशी रेघ संपते.

आता गहाणाची गोष्ट सांगते, म्हणजे हा कायदा कसा चालतो ते कळेल. पुसाको तिंगी विकायची नाही. गहाणसुद्धा चारच कारणांसाठी: मोठ्या घराचं छप्पर गळायला लागलं तर, वयात आलेल्या मुलीचं लग्न खोळंबलं असेल तर, घरात प्रेत आहे आणि अंत्यविधीला पैसा नाही तर, आणि घराण्याच्या प्रमुखाची रिकामी पडलेली पदवी पुन्हा उभी करायची असेल तर. १९९६ मध्ये माक तुओच्या घराचं छप्पर खरोखरच गळत होतं. पूर्वी या घरांवर ताडजातीच्या झाडाच्या काळ्या काथ्याचं छप्पर असायचं. त्यांच्याकडे पत्रा होता, आणि शिंगासारख्या वर गेलेल्या टोकांपाशी तो गंजला होता. पाऊस आला की आतल्या दोन खोल्यांत घमेली मांडायची.

दोन ‘पिरियांग’ गहाण टाकायचं ठरलं. पिरियांग म्हणजे ताटली; तिथे भातखाचरं ताटल्यांनी मोजतात. बोली पैशात नव्हती, सोन्यात होती. दहा ‘अमेह’, एक अमेह अडीच ग्रॅमचा, म्हणजे आपले अडीच तोळे. कागद हाताने लिहिला. मामाकची सही, दोघी बहिणींच्या सह्या, घेणाऱ्याची सही, आणि चारी बांधांवरच्या शेजाऱ्यांच्याही. शेजाऱ्यांची सही कशाला, असं मी विचारलं. माक तुओ म्हणाली, “बांध कुणाला ठाऊक असतो? बांधावरच्यालाच.” हे ताबेगहाण. सोनं परत येईपर्यंत पीक घेणाऱ्याचं, मुदत नाही. १९६० च्या देशाच्या कायद्यात मात्र सात वर्षं किंवा त्याहून जास्त गहाण राहिलेली शेती काही न घेता परत करावी असं लिहिलेलं आहे. गावात त्याचं नाव कुणी काढत नसे. दुसऱ्याचं सोनं बुडवून शेत परत घ्यायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही.

मग रुपिया कोसळला. १९९७ च्या जूनमध्ये डॉलरला २,४०० च्या आसपास असलेला दर जानेवारी १९९८ मध्ये १६,००० वर गेला. सोनं आकाशाला भिडलं. अडीच तोळे कुठून आणायचे? पण गंबीर परदेशी जातो, त्याचा भाव डॉलरवर चालतो. माक तुओच्या बहिणीच्या मुलाने डोंगरउतारावरच्या गंबीरच्या पैशातून सोनं घेतलं आणि १९९९ मध्ये त्या दोन ताटल्या सोडवल्या. ते शेत त्याला किंवा त्याच्या मुलांना कधीच मिळणार नव्हतं. बहिणींसाठी सोडवलं.

सगळं असंच गोड असतं असं म्हणणार नाही. एखादा मामाक गुपचूप जमिनीचं आपल्या नावाचं प्रमाणपत्र काढतो, चुलतमावश्या रान्जीवरून भांडतात, न्यायालयात पुसाकोचे खटले वर्षानुवर्षं चालतात. आणि नवरा-बायकोने स्वतः कमावलेलं, ‘पुसाको रान्दाह’, ते वेगळ्या वाटेने जातं. तिथले धर्मपंडित आणि घराण्यांचे प्रमुख १९५२ मध्ये तिथल्याच बुकितिंगी शहरात एकत्र बसले आणि कमाईची मिळकत इस्लामी वारसाहक्काने वाटायची असं ठरलं. म्हणजे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. एकाच घरात दोन कायदे, आणि माणसं दोन्ही पाळतात.

आता तुमचा प्रश्न. वडील गेल्यावर १९९२ मध्ये मीही रजिस्ट्रार कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. भावांनी मागितली, मी दिली, कुणी जबरदस्ती केली नाही. माक तुओला हे सांगितलं तेव्हा ती फणस चिरत होती. हात थांबले. म्हणाली, “मग तुझा नवरा वारला, मुलं परदेशी गेली, तर तू कुठल्या घरी जाशील, नक?” नक म्हणजे बाळ. मला उत्तर देता आलं नाही. ताई, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रात ही दुरुस्ती १९९४ ची, देशभर २००५ ची. सही करायच्या आधी वकिलाला कागद दाखवा. आणि भावांना सांगा की बाग विकायची नाही, तुटू द्यायची नाही हे मलाही मान्य आहे, पण माझं नाव राहू दे. नाव राहून नातं टिकतं की नाही, ते त्यांनाही एकदा कळू दे.

मी सिंगापूरला नोकरी करतो. सुमात्रात डोंगराखाली छोटं लाकडी घर आणि थोडी जमीन घ्यायचा विचार आहे. तिथला एक मित्र त्याच्या नावावर घेऊन द्यायला तयार आहे. योग्य आहे का? – एक वाचक, मूळ कोल्हापूरचे

नका घेऊ. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्याने पूर्ण मालकी फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाकडे मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. मित्र कितीही सज्जन असो, कागदोपत्री मालक तोच, त्याच्यामागे त्याची बायकामुलं. आणि मिनांगकाबाउ भागात आणखी एक धोका आहे. मित्र ‘माझी’ म्हणतोय ती जमीन पुसाको तिंगी निघाली, तर त्याच्या बहिणी आणि भाच्या दारात उभ्या राहतील, आणि बरोबरच करतील. रीतसर राहण्याचा परवाना असेल तर वापरहक्कावर घर घेता येतं. नाहीतर आम्ही केलं तसं करा: भाड्याने राहा. आठ वर्षांत आम्हाला मालकीची उणीव भासली नाही.

तिथे नवरा बायकोच्या घरी राहतो म्हणजे तो घरजावईच ना? त्याला मान काय? आणि हा गंबीर म्हणजे नक्की काय? – एक वाचक, कराड

गंबीर आधी सांगते. तुम्ही पान खात असाल तर तो कदाचित तुमच्या तोंडात गेलाही असेल. आपला खरा काथ खैराच्या लाकडाचा. गंबीर हे वेगळं झुडूप, पण त्याच्या पानांतून निघणारा अर्क काथासारखाच. पानं आणि कोवळ्या फांद्या मोठ्या कढईत उकळायच्या, दोराने करकचून बांधून दाबायच्या, निघालेला रस रात्रभर निवू द्यायचा. खाली बसलेला गाळ साच्यात घालून उन्हात वाळवायचा. ओला असतो तेव्हा त्याचा रंग शेणकुटासारखा हिरवट, वाळला की तपकिरी. पानमसाल्यासाठी त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपला देश. यजमान वडी मोडून जिभेवर ठेवायचे. माती मिसळली असेल तर दाताखाली कचकचायची.

आता घरजावई. आपल्याकडे त्या शब्दात थोडी हेटाळणी आहे. तिथेही जुनी म्हण आहे की नवरा म्हणजे तोडलेल्या खोडावरची राख, वाऱ्याने उडून जाईल. पूर्वी वयात आलेली मुलं रात्री घरी झोपतसुद्धा नसत, सुराउमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात झोपत, आणि मग नशीब काढायला दूर जात. मिनांगकाबाउ पुरुष देशभर व्यापारात आणि राजकारणात दिसतात त्यामागे हे आहे. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हट्टा बुकितिंगीचेच. आता बहुतेक जोडपी स्वतंत्र घरात राहतात.

पण मान म्हणाल तर दोन घरांत तो वेगवेगळा असतो. बायकोच्या घरी तो पाहुणा, अदबीने वागवलेला. आईच्या घरी तो मामाक. माक तुओचा भाऊ दर शुक्रवारी नमाजनंतर यायचा. आधी अंगणातल्या भाताच्या कोठाराचं दार उघडून आत हात घालून बघायचा, मग वर येऊन भिंतीला टेकून बसायचा. भाच्यांची फी भरली का, धाकटीचा ताप उतरला का, कालव्याचं पाणी आपल्या खाचरात कधी वळतं, सगळं विचारायचा. कॉफी प्यायची आणि दिवेलागणीआधी उठायचं, कारण रात्रीचं जेवण बायकोकडे. जाताना माक तुओ केळीच्या पानात बांधलेला भात त्याच्या हातात द्यायची. “शेत आपलं आहे, खाऊन बघ,” म्हणायची.