आजचं आज माग

प्रिय बाळा, सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या जिन्यात तू जे सांगितलंस, त्यावर मी नुसतं 'बघू' म्हणाले. ते पुरेसं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

नोकरी गेली, ॲपवरून कर्ज काढलंस, ते फेडायला दुसऱ्या ॲपवरून काढलंस, आणि आता दुपारचं जेवण बंद केलं आहेस. इथवर मला समजतं. खोलीचं भाडं आणि लोकलचा पास टळत नाही, म्हणून मुंबईत माणूस आधी पोटालाच चिमटा घेतो. पण पुढे तू विचारलंस, "मावशी, माणसांना सांगितलं तर देवावरचा विश्वास कमी पडला असं होईल ना?" त्या प्रश्नाने माझी झोप उडवली आहे.

हे तुझ्या मनात कुठून आलं ते मला कळलं. जॉर्ज म्युलर यांच्यावरचे व्हिडिओ तू बघतोस. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये 1836 साली त्यांनी अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं, पुढे एका वेळी दोन हजार मुलं राहतील एवढं काम वाढलं, आणि त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही, फक्त देवाला सांगितलं. खरं आहे. मीही त्यांच्या चरित्रावर वाढले. पण म्युलर दरवर्षी अहवाल छापत असत. कुठून किती आलं, कशावर खर्च झालं, सगळं लोकांसमोर उघडं होतं. आणि कर्ज काढायचं नाही हा त्यांचा तेवढाच कडक नेम होता. तू त्यांचं निम्मंच उचललंस. कुणाला सांगायचं नाही हे घेतलंस, कर्ज काढायचं नाही हे सोडलंस. याला मी विश्वास म्हणणार नाही. ही लाज आहे, आणि लाजेला शास्त्राचा आधार देऊ नकोस.

माझं एकच म्हणणं आहे. आजचं आज माग, आणि तोंड उघडून माग.

बायबलमधल्या एलियाचं बघ. करीथ ओहोळाजवळ कावळे भाकर आणि मांस आणून देत होते तोवर ठीक होतं. ओहोळ आटला तेव्हा देवाने त्याला सारफथला पाठवलं, एका विधवेच्या दारी. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल. देवाने तिला आधीच नेमलं होतं, तरी एलियाला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं की मला पाणी दे, भाकरीचा तुकडा दे. तो संदेष्टा होता. तू आणि मी कोण, न मागता वाट बघणारे?

आपल्या पंडिता रमाबाईंनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. मागायचा आणि अंगमेहनत करायचा आपल्याला अभिमान आड आला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. तीच बाई 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आली. म्युलर यांचं चरित्र त्यांनीही वाचलं होतं. त्या रोज गुडघे टेकत होत्या, आणि देशोदेशीच्या लोकांना आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनची हकिकत लिहूनही पाठवत होत्या. केडगावात विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. प्रार्थना एकीकडे आणि हातपाय दुसरीकडे असं त्यांच्याकडे नव्हतं.

अरण्यात इस्राएली लोकांना देव खायला देत असे, तो मान्नाही असाच होता. सकाळी उठून गोळा करावा लागे, ऊन तापलं की वितळून जाई. आणि ज्यांनी उद्यासाठी ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. तू मला वर्षभराचे हिशेब सांगत होतास, लग्न, डिपॉझिट, गावाकडच्या घराचं छप्पर. ते सगळं आज मागू नकोस. आजचं आज माग.

त्या 'बी पेरा, शंभरपट मिळेल' म्हणणाऱ्या प्रचारकाला पैसे पाठवलेस, तेही कर्जातले! याचा मला खरंच राग आला. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मीही आयुष्यभर देवाला देत आले, पण देवाशी सौदा केला नाही. यापुढे त्याला एक रुपया पाठवायचा नाही.

आता माझं सांगते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आमचे हे परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. घरात माझा नर्सचा एकटीचा पगार, सासूबाईंची औषधं, दोन मुलं. वाण्याने काही दिवस खातं चालू ठेवलं, मग वही मिटली. हे रोज रात्री संप मिटावा म्हणून प्रार्थना करत. मी डब्यात डोकावून तांदूळ मागत असे. मोठं मागणं वाईट असतं असं मी म्हणत नाही, पण मुलं संध्याकाळी सात वाजता ताट मागतात. एके दिवशी ड्युटीवरून येताना मी पाळकीणबाईंचं दार वाजवलं आणि म्हणाले, घरात तांदूळ नाहीत. रात्री मंडळीतलं एक कुटुंब पिशवी घेऊन आलं.

ह्यांनी तो भात खाल्ला आणि कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घराची अब्रू घालवलीस, एवढंच म्हणाले. संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. ह्यांना गिरणी परत मिळाली नाही, पुढे एका सोसायटीत वॉचमनचं काम केलं. आता ते नाहीत, आणि ती गोष्ट आमच्यात शेवटपर्यंत राहिली. त्याचं दुःख मला आहे. तरीही तीच वेळ पुन्हा आली तर मी तेच दार वाजवीन.

माझी मुलगी म्हणते, आई, तू सगळं देवावर टाकलंस आणि आम्ही मागे राहिलो. तिला बारावीनंतर लगेच नोकरी धरावी लागली, ते तिच्या मनात आहे. पण मी काही टाकून बसले नव्हते. लोकांच्या बदल्यात नाइट ड्युट्या केल्या, हातातल्या बांगड्या मोडल्या. फक्त कर्जाच्या दारात गेले नाही. त्या काळी आमच्या चाळीत व्याजाने पैसे देणारे फिरत, त्यांच्या हातात माणसं कशी सापडत ते मी पाहिलं आहे. तुझं ॲप तेच करतं, फक्त ते खिशात बसतं.

म्हणून सांगते. तिसरं कर्ज काढायचं नाही, कुणी कितीही घाबरवलं तरी. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवू अशी धमकी आली, तर 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन कर आणि पोलिसांत जा. लाजून पैसे भरत राहू नकोस. आणि मिळेल ते काम धर. काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये, हे पौलाने थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिलं आहेच. तू आळशी नाहीस. पण 'माझ्या शिक्षणाला हे शोभत नाही' म्हणून तू डिलिव्हरीचं काम नाकारलंस, ते मला पटलं नाही.

रोज सकाळी एका कागदावर त्या दिवसापुरतं लिही. जेवण, गाडीभाडं, फोनचं रिचार्ज, जे असेल ते. ते नाव घेऊन देवाकडे माग. संध्याकाळी काय मिळालं आणि कोणाच्या हातून, ते त्याच्यासमोर लिही. सगळं मिळेल असं वचन मी देत नाही. माझ्याही कागदावर रिकाम्या जागा राहिल्या आहेत, आणि त्यांचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. तरी मी दुसऱ्या सकाळी पुन्हा लिहिलं.

भाडं कोणत्या तारखेला द्यायचं आहे आणि किती, ते मला आजच कळव. मंडळीची मदतपेटी आहे. तुझं नाव न घेता पंचांच्या कानावर घालून ठेवते, पण रविवारी त्यांच्यासमोर बोलायचं तूच. मी शेजारी बसेन. आणि उद्यापासून दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं, मी घरीच असते.

तुझी,
मावशी